दोन सूत समास

समजा, तुमच्यासमोर एक जुनं, जाडजूड पुस्तक ठेवलंय. कणा फाटलाय, पानं शिवणीतून सुटलीयत, कडा हात लागून लागून काळ्या पडल्यायत. ते तुम्हाला नवं करायचंय. आधी जुने पुठ्ठे काढा. कण्यावरचा वाळलेला सरस ओल्या फडक्यानं भिजू द्या आणि बोथट सुरीनं खरवडा. घाई केलीत तर सरसाबरोबर कागदही येईल. मग सोळा-सोळा पानांच्या घड्या, ज्यांना या धंद्यात फर्मे म्हणतात, त्या एकेक सुट्या करा, फाटल्या घडीला पातळ कागदाचा जोड द्या आणि सुईदोऱ्यानं सगळ्या पुन्हा एकमेकींना शिवा. ही झाली जुजबंदी. कण्याला नवा सरस लावा, दिवसभर शिकंज्यात दाबून ठेवा. आता पुस्तक कटिंग मशीनखाली सरकवा, चाक फिरवून आवळा आणि दांडा ओढा. खर्रकन आवाज होतो. सातशे पानांची कड एका दमात साफ. इतकी गुळगुळीत की कुणालाही तिच्यावरून बोट फिरवावंसं वाटेल.

किती कापायचं? मळ जाईल तेवढं. बहुतेक वेळा दोन सूत, म्हणजे पाव इंच. पाव इंचात असतं काय? कोरा कागद.

बाइंडरलाही एकतीस वर्षं असंच वाटत होतं.

त्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची लांबट खोली. पुढं टेबल, मध्ये शिकंजा, मागं मशीन आणि दाराच्या आड कातरणाची गोणी. खिडकीपाशी उजेडात त्याची बायको बसायची. जुजबंदी तिच्याकडं. तिचा टाका त्याच्यापेक्षा सरळ होता हे दोघांनाही ठाऊक होतं, पण तसं बोलून दाखवायची फक्त ती.

चर्चच्या मंडळीत मात्र त्याला कुणी बाइंडर म्हणत नसे. तिथं त्याचं नाव होतं 'संदर्भ'. कुणी वचन उच्चारायचा अवकाश, याच्या तोंडून अध्याय आणि ओवी बाहेर पडलीच म्हणून समजा. पाळकसाहेबसुद्धा संदेश देताना अडखळले की तिसऱ्या बाकाकडं बघायचे, आणि संदर्भ बसल्या जागेवरून माल पुरवायचा. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्याचं चुकलेलं त्याला पोटात ठेवता येत नसे. एकदा एका मयताच्या घरी, रडारड चालू असताना, सांत्वनाला आलेल्या माणसाचा अध्याय त्यानं दुरुस्त केला होता. त्या दिवशी बायको घरापर्यंत त्याच्याशी बोलली नव्हती.

त्याच्या तावडीत सगळ्यांत जास्त सापडायच्या त्या मावशी. मावशी म्हणजे इस्पितळाच्या वॉर्डात सत्तावीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या आया. बुटक्या, काटक, शिक्षण बेताचं. बुधवारच्या शास्त्राभ्यासाला अगदी दाराजवळ बसायच्या, जुन्या बँडेजच्या पट्टीनं बांधलेलं बायबल मांडीवर घेऊन. बोलायची पाळी आली की त्यांची सुरुवात ठरलेली: "कुठंतरी लिहिलंय बघा..."

"कुठंतरी म्हणजे कुठं, मावशी?" एकदा संदर्भनं भर सभेत विचारलं. "पवित्र शास्त्र म्हणजे काय भाजीची पिशवी आहे? हात घातला की कुठंतरी कांदा लागेल?"

मंडळी हसली. मावशीही हसल्या. "माझी पिशवीच आहे हो," त्या म्हणाल्या, "आणि बहुतेक वेळा कांदाच लागतो. रडवतो मेला."

आपल्याला उत्तर मिळालंय, हे संदर्भच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

याच मावशी एका मंगळवारी दुकानात आल्या. पट्टी सोडून बायबल टेबलावर ठेवलं तर दोन पानं आपणहून बाहेर सरकली.

"भाऊ, एवढं शिवून द्याल? पानं गळायला लागलीत."

बाइंडरनं पुस्तक उलटंपालटं केलं. कडा काळ्या, कोपरे दुमडलेले, समासात जिकडंतिकडं पेन्सिलीच्या रेघोट्या. त्याच्या कपाळाला आठी पडली. देवाच्या वचनाशेजारी माणसानं आपलं अक्षर गिरवू नये, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते त्यानं सभेत चारदा तरी ऐकवलं होतं.

"सगळं नवं करून देतो, मावशी. ओळखणार नाही तुम्ही."

"ओळखू येऊ द्या हो," मावशी म्हणाल्या. "नुसतं शिवा. बाकी काही नको."

आता योगायोग असा की त्याच आठवड्यात पाळकसाहेबांना बाहेरगावी जायचं होतं, आणि येत्या रविवारचा संदेश त्यांनी संदर्भवर सोपवला होता. आयुष्यात पहिल्यांदा. विषय त्यानंच निवडला: देवाचं औदार्य. देव कसं दाबून, हलवून, शिगोशीग माप पदरात घालतो. तीन दिवस तो टिपणं काढत होता. आणि मावशींचं पुस्तक हातात घेतल्या घेतल्या त्याच्या डोक्यात दिवा लागला. संदेशाच्या शेवटी, सगळ्यांसमोर, नवंकोरं झालेलं बायबल मावशींच्या हातात द्यायचं. त्यांनी मागितला दोरा, आपण द्यायचं सोनेरी अक्षरांचं रेक्झिन! नुसता उपदेश नाही, प्रत्यक्ष उदाहरण. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, हे वचन त्याला अध्यायासकट पाठ होतं. त्या आठवड्यात ते एकदाही आठवलं नाही.

बुधवारी बायको जुजबंदीला बसली. चारपाच फर्मे शिवून झाल्यावर तिनं मान वर केली.

"अहो, यात कडेला कायकाय लिहिलंय. उभं लिहिलंय, पुस्तक आडवं धरून. प्रत्येकाचं अक्षर वेगळं."

"पोराटोरांनी गिरगटलं असेल."

"पोरं तारीख घालतात होय?"

"तू शिव गं. टाके बघ, कडा मी बघतो."

"बाई म्हणाल्या होत्या, नुसतं शिवा."

"बाई काय म्हणतात त्यावर बाइंडिंग चालत नसतं."

"तेच तर," बायको म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. तिचं 'तेच तर' नेहमीच लांबलचक भांडणापेक्षा जास्त टोचायचं. पण तो टिपणात गढला होता.

शुक्रवारी त्यानं दांडा ओढला. पुढची कड, मग वरची, मग खालची. काळ्या कडेच्या पट्ट्या मशीनच्या फळीवर एकावर एक, अगदी पानांच्या क्रमानं पडल्या. त्या गठ्ठ्याला त्याच क्षणी एक दोरा बांधला असता, तर पुढचं निम्मं संकट टळलं असतं. त्यानं नेहमीसारखा पंजा फिरवला आणि सगळं गोणीत लोटलं.

रविवारी संदेश रंगला. अकरा संदर्भ दिले, एकही कागदावर न बघता. शेवटी त्यानं मावशींना पुढं बोलावलं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, रेशमी खूणफीत. टाळ्या पडल्या. मावशींनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. अंगठा सवयीनं कडेवर गेला, कडेवरून वरून खाली फिरला आणि तिथंच थांबला. त्यांनी पुस्तक उघडलं. एक पान, दुसरं पान, मधलं एखादं पान. चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, पण आता ते कुणीतरी धरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

"फार मेहनत घेतलीत," त्या म्हणाल्या. "देव तुमचं भलं करो." आणि दाराजवळच्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

संदर्भला वाटलं, म्हातारी गहिवरली.

सोमवारी दुपारी मावशी दुकानात हजर. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"भाऊ, ते कापलेलं... कातरण टाकलंत का हो?"

एवढाच प्रश्न. आवाजात ना राग ना तक्रार. दोन सूत कागदाबद्दल कुणी विचारायला येतं का? बायकोची सुई थांबलेली बाइंडरला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली. गोणी दाराआड होती, मावशींपासून तीन हातांवर. "आहे की" म्हणायला काही लागत नव्हतं. पण मग उघडायची, शोधायचं, काय कापलं ते बघायचं आणि कालच्या टाळ्या परत करायच्या.

"ते कालच गेलं भंगारात," तो म्हणाला. "त्यात काही नव्हतं, मावशी. मळ होता."

"असेल," मावशी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पेशंटांनी लिहिलेलं होतं त्यात. दुपारी वॉर्ड शांत झाला की ज्याला हवं त्याला एखादं वचन वाचून दाखवायची मी. माझं वाचणं म्हणजे बैलगाडी, पण आजारी माणसाला घाई कुठं असते? वाचून झालं की त्यालाच म्हणायची, बाबा, बाजूला काहीतरी लिही. नाव लिही, नाहीतर फुली मार. घरी जाऊन मी त्या फुल्यांसाठी प्रार्थना करायची. असू दे. गेलं ते गेलं." आणि पायरी उतरता उतरता वळून, "शिवण मात्र झकास झालीय हं," असं बायकोकडं बघून म्हणाल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर बायको म्हणाली, "भंगारात गेली का गोणी? मग ही काय, तिला पाय फुटून परत आली?"

"तू गप बस."

"मी गप्पच होते की. मावशी इथं असताना बोलायला हवं होतं, तेव्हाही गप्पच होते. तुमचं पाप, पण अर्धं माझ्या अंगावर आलं बघा." तिनं सुई उशीत खोचली आणि उठून आतल्या खोलीत गेली.

बाइंडरनं गोणी ओढली आणि फरशीवर उपडी केली. वह्यांचं कातरण, वकिलांच्या फायलींचं कातरण, रंगीत पुठ्ठ्यांच्या चिंध्या; त्यांत ते बायबलचं पातळ, पिवळसर कातरण लगेच ओळखू येत होतं. मांडी घालून तो एकेक पट्टी उचलू लागला. वीतभर लांब, पाव इंच रुंद. बिछान्यावर पडलेल्या माणसांनी समासात उभं लिहिलेलं, त्यामुळं अख्खी ओळ पट्टीवर आलेली. पानावर मागं एक अक्षरही राहिलेलं नव्हतं. 'उद्या ऑपरेशन.' 'बापू, खाट चार.' 'मला भीती वाटत नाही', त्यातला 'नाही' मोठ्या अक्षरात. फुल्या. काडीसारखा एक माणूस. कुणाचा शाईचा अंगठा, अर्धाच. मळ, मळ म्हणून त्यानं हे कापलं होतं. आणि आता ज्या बोटांत पट्टी धरली होती त्यांच्याच नखांत सरस आणि काजळी भरलेली होती.

मग ती पट्टी आली.

'हे. माझ्या. मुलाला. पाठ. आहे.'

प्रत्येक शब्दानंतर टिंब. जगात असं लिहिणारं एकच माणूस होतं. पाचवीत असताना त्यानंच आईला लिहायला शिकवलं होतं, आणि मास्तरकीच्या तोऱ्यात दटावलं होतं, "शब्द संपला की टिंब द्यायचं, म्हणजे पुढचा चिकटत नाही." आई आयुष्यभर टिंब देत राहिली. वाण्याच्या यादीतसुद्धा. मोठा झाल्यावर त्याला त्या टिंबांची लाज वाटायची.

अकरा वर्षांपूर्वी आई त्या इस्पितळात एकोणीस दिवस होती. शेवटच्या दुपारी हा शेजारच्या मंडळीत वचन-पाठांतराच्या स्पर्धेचा परीक्षक होता. निरोप आला, लवकर या. शेवटची फेरी उरली होती, सहा मुलं. फेरी संपवून निघालो, असं त्यानं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. लोक विचारायचे, "शेवटी भेट झाली ना?" तो म्हणायचा, "देवाच्या कामात होतो," आणि लोक मान हलवायचे.

आई पडल्या पडल्या कुणा परक्या बाईकडून वचन ऐकत होती. मुलगा येत नव्हता, आणि ती त्याचं कौतुक लिहून ठेवत होती.

त्यानं बायबलचं कातरण वेगळं केलं, गोणीत भरलं आणि गोणी खांद्यावर टाकून भर रस्त्यानं निघाला. कोपऱ्यावरच्या, मंडळीतल्याच सायकलवाल्यानं हाक मारली, "काय संदर्भ, आज भंगाराचा अध्याय काय?" एरवी त्यानं त्याला पुरून उरेल असं उत्तर दिलं असतं. आज त्यानं गोणी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पावलं उचलली.

मावशींची खोली एका लाँड्रीच्या मागं, तळमजल्यावर. लोखंडी खाट, एक टेबल, दोन खुर्च्या. खाटेवरची चादर अशी ताणलेली की नाणं टाकलं तर उडावं. वॉर्डाची सवय.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. "मावशी, मी खोटं बोललो. गोणी तिथंच होती."

"माहितेय मला. दाराआडून तिचं तोंड दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आणाल म्हटलं," मावशी म्हणाल्या. "आधी आत या. ओझं घेऊन उंबऱ्यात उभं राहू नये."

त्यानं गोणी खाली ठेवली आणि खिशातली पट्टी काढून त्यांच्यापुढं धरली. मावशींनी चष्मा लावला, ओठ हलवत एकेक टिंब ओलांडत वाचलं, आणि चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

"खाट अकरा," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं? मी तिचा मुलगा आहे हे?"

"पहिल्या बुधवारीच. आवाज ओळखला. वॉर्डात तुम्ही डॉक्टरांना असंच बजावायचात."

"मला तुम्ही कशा आठवत नाही?"

"आयांकडं कोण बघतं हो? निळा युनिफॉर्म म्हणजे निळा युनिफॉर्म. मी तुमच्यासाठी स्टूल आणायची, तुम्ही उभेच राहायचात. चारदा आलात."

"तुम्ही मोजलंत?"

"मी कशाला मोजू? आईनं मोजलं. कौतुकानं सांगायची सगळ्यांना, एवढा कामाचा माणूस, तरी चारदा आला."

बाइंडर खुर्चीवर बसला. मावशींनी पाठीवर हात फिरवला नाही, रडू नका म्हणाल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला त्याच्या हाताशी ठेवला आणि गोणीतल्या पट्ट्या चादरीवर हारीनं लावायला घेतल्या.

"एवढ्या लोकांचं मी... मावशी, हे कसं भरून द्यायचं?"

"भरून कसं द्याल? नाही देता येणार." त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की त्याला बरं वाटलं. "पण कुठंतरी लिहिलंय बघा, देवानं आपली नावं त्याच्या तळहातावर कोरलीयत म्हणून. तिथं काही तुमचं मशीन पोचत नाही."

वचनाचा संदर्भ त्याच्या जिभेच्या टोकावर आला. अध्याय, ओवी, दोन्ही. यशया एकोणपन्नास, सोळा. त्यानं तोंड मिटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक वचन त्यानं आकड्याशिवाय तसंच ऐकलं.

"ही पट्टी तुमची," मावशी म्हणाल्या. "न्या."

"तुमच्या पुस्तकातली आहे."

"तुमच्या आईची आहे. द्यायचं म्हटलं की घ्यावं हो माणसानं. तेही जमत नाही का तुम्हाला?"

घेणं खरंच जमत नव्हतं. देताना कसं उभं राहायचं हे त्याला ठाऊक होतं: थोडं वर, थोडं पुढं, टाळ्यांना जागा ठेवून. घेताना कसं उभं राहतात? त्यानं दोन्ही हात पुढं केले, लहान मुलासारखे. आणि मग त्याच्या मनात तो प्रश्न आला, जो तेव्हापासून गेलेला नाही.

"मावशी, 'हे' म्हणजे कुठलं? कुठलं वचन वाचलं होतंत तुम्ही तिला?"

मावशींनी खूप आठवून पाहिलं. डोळे मिटले, बोटं हलवली. शेवटी अपराध्यासारखं हसल्या.

"मला कुठं संदर्भ आठवतात, भाऊ?"

पुढच्या रविवारी पाळकसाहेब परतले होते. सूचनांच्या वेळी संदर्भ उठून उभा राहिला. काय कापलं, का कापलं, विचारल्यावर काय खोटं बोललो, सगळं सांगितलं. स्पर्धेची शेवटची फेरीही सांगितली. त्याला अजून बरंच बोलायचं होतं. माणूस स्वतःच्या लाजेबद्दलही रंगून बोलू शकतो. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "बसा आता, लांबवू नका!" मंडळी हसली आणि तो बसला. तिसऱ्या बाकावर नाही. दाराजवळ जागा होती, तिथं.

मग सुरू झालं पट्ट्या जुळवणं. दर शनिवारी दुपारी मावशींच्या टेबलावर तिघं बसायची: मावशी, तो आणि खळीची वाटी घेऊन बायको. पट्ट्या सातशेच्या वर, त्यातल्या लिहिलेल्या तीनशे एकेचाळीस. काहींनी वचनापासून आपल्या नावापर्यंत पेन्सिलीची रेघ ओढली होती. तुटलेली रेघ रेघेला जुळली की पान सापडायचं. काही झुबके एकमेकांना चिकटून आले होते, त्यांचा क्रम शाबूत होता. बाकीच्यांना डाग, सुरकुत्या, कसरीची भोकं. पान सापडलं की बायको पातळ कागदाचा जोड देऊन पट्टी जागेवर चिकटवायची. गुळगुळीत कड गेली. पुस्तक पुन्हा वेडंवाकडं, फुगलेलं दिसू लागलं. सोनेरी अक्षरांना ते शोभत नव्हतं, म्हणून मावशींनी पुन्हा बँडेजची पट्टी बांधली.

एकदा मावशी बोटानं ओळ वाचता वाचता थांबल्या. "अहो, हे बघा. यात म्हटलंय, कुणीतरी कुठंतरी अशी साक्ष दिलीय. म्हणजे हे लिहिणाऱ्यालाही आठवेना वाटतं!"

इब्री लोकांस पत्र. त्याला अख्खं पाठ होतं. ती ओळ त्यानं शेकडो वेळा म्हटली होती, संदर्भासकट. तिच्यात 'कुठंतरी' आहे, हे त्याला कधी दिसलं नव्हतं.

"बघितलं का?" बायको खळ लावता लावता म्हणाली. "त्याच्याकडं पण भाजीची पिशवीच."

वर्ष झालं. दोनशे सहा पट्ट्या जागेवर बसल्या. उरलेल्या एका पाकिटात आहेत. मावशी त्या पाकिटावर हात ठेवून प्रार्थना करतात, सगळ्यांची एकदम. आईची पट्टी अजून सुटी आहे. तिच्यावर रेघ नाही. खालच्या टोकाला औषधाचा तपकिरी डाग तेवढा आहे, आणि तसा डाग पुस्तकात अठ्ठावन्न पानांवर आहे, स्तोत्रांच्या मध्यापासून यशयाच्या पन्नासाव्या अध्यायापर्यंत. दोन्ही बाजू धरल्या तर एकशे सोळा पृष्ठं. इतकं जवळ येऊन तो अडलाय.

मावशींनी बायबल त्याला आठवडाभर ठेवायला दिलं की दुकान उघडायच्या आधी तो त्यातलं एक पृष्ठ वाचतो. पाठ असलेलं म्हणत नाही, वाचतो. मावशींसारखं, बोट ठेवून, बैलगाडीच्या चालीनं. प्रत्येक ओळीपाशी पट्टी लावून बघतो. आईनं तान्ह्याला विसरावं का, आणि ती विसरली तरी मी विसरणार नाही, असं देव म्हणतो ते पान आलं तेव्हा त्याला वाटलं, हेच. पट्टी तिथं ठेवून त्यानं खळीच्या वाटीकडं हातही नेला. मग मागं घेतला. आपल्याला हवं म्हणून चिकटवायचं, हे तर त्यानं जन्मभर केलं होतं. शिवाय त्याच्या आधीच्या पानावर ताठ मानेच्या हट्टी लोकांबद्दल आहे, त्याच्याही आधी गर्विष्ठांबद्दल. कौतुकानं लिहिणाऱ्या आईनं त्यांतलं कुठलंही ऐकलेलं असू शकतं. आणि जे ऐकलं असेल ते मुलाला नुसतं पाठ होतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

काल पुन्हा पहिल्या डागापासून सुरुवात केली. बायको खिडकीशी येऊन बसली, सुईत दोरा ओवला, त्याच्याकडं बघितलं आणि शिवू लागली. त्यानं पट्टी उजेडात धरली. पाच शब्द, पाच टिंबं.

हे म्हणजे कुठलं गं, आई?